मोटारगाडीच्या एंजिनातील बिघाडाचे निदान

मोटारगाडीच्या एंजिनातील बिघाडाचे निदान : चालू असलेले पेट्रोल एंजिन वाटेत बंद पडून पुन्हा सुरू होत नसल्यास त्याचे नेमके कारण पद्धतशीर परीक्षेने शोधून काढणे, यास बिघाड-निदान म्हणतात. निदान ही दुरुस्तीपूर्वीची पायरी आहे. ती वगळून एकामागून एक भाग बदलत गेल्यास खर्च वाढतो, चांगले भाग टाकून दिले जातात आणि मूळ दोष तसाच राहून गाडी घाटात, रेल्वे फाटकावर किंवा रात्रीच्या वेळी महामार्गावर पुन्हा बंद पडण्याचा धोका कायम राहतो. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः कार्ब्युरेटर व तोडजोड बिंदूंची (सीबी पॉइंटांची) प्रज्वलन योजना असलेल्या जुन्या गाड्यांचा विचार केला असून शेवटी इंधन अंतःक्षेपण असलेल्या गाड्यांचे वेगळेपण थोडक्यात सांगितले आहे. डीझेल एंजिनात विद्युत् ठिणगी नसल्याने त्याचे निदान वेगळ्या रीतीने करावे लागते व त्याचा येथे समावेश केलेला नाही.

पार्श्वभूमी : बॅटरी, कॉइल व तोडजोड बिंदू यांच्या साहाय्याने ठिणगी पाडण्याची योजना अमेरिकन अभियंते चार्ल्स एफ्. केटरिंग यांनी विकसित केली व ती १९१० च्या कॅडिलॅक गाडीत प्रथम वापरात आली. त्यांनीच तयार केलेला विजेवर चालणारा प्रारंभक (स्टार्टर) १९१२ मध्ये त्याच गाडीत बसविण्यात आला. केटरिंग यांची प्रज्वलन योजना फारसा मूलभूत बदल न होता साठ वर्षांहून अधिक काळ जगभर प्रचारात राहिली. भारतात वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात फियाट ११०० या मालिकेतील गाड्या तयार होत. त्यांतील १,०८९ घ. सेंमी. क्षमतेचे चार सिलिंडरांचे एंजिन असलेली गाडी पुढे ‘प्रीमिअर पद्मिनी’ या नावाने प्रसिद्धीस आली व मुंबईच्या टॅक्सीची ओळख बनली. या प्रकारच्या टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाल्या. पद्मिनी, हिंदुस्थान ॲम्बॅसडर व १९८३ च्या डिसेंबरात वितरित होऊ लागलेली मारुती ८०० यांच्या कार्ब्युरेटर असलेल्या गाड्या हौशी मालकांकडे व लहान गावांतून आजही आढळतात. त्या जाणणारे कारागीर मात्र कमी होत असल्याने मालकाला स्वतःला निदानाची तत्त्वे माहीत असणे अधिक महत्त्वाचे झाले आहे.

एंजिन चालण्यास आवश्यक बाबी : पेट्रोल एंजिन चालण्यास चार गोष्टी एकाच वेळी जुळून याव्या लागतात. (१) सिलिंडरात इंधन व हवा यांचे योग्य प्रमाणातील मिश्रण पोहोचले पाहिजे. पेट्रोलाच्या पूर्ण ज्वलनासाठी त्याच्या एका भागास वजनाने सु. १४·७ भाग हवा लागते. पेट्रोल याहून जास्त असलेल्या मिश्रणास समृद्ध व कमी असलेल्यास क्षीण मिश्रण म्हणतात. दोन्हींपैकी कोणतेही फार टोकाला गेल्यास ते पेट घेत नाही. (२) दट्ट्याच्या वर जाण्याने या मिश्रणाचे पुरेसे संपीडन झाले पाहिजे. (३) संपीडनाच्या अखेरीस, ठराविक क्षणी, प्लगमध्ये जोरदार ठिणगी पडली पाहिजे. (४) जळालेल्या वायूंना बाहेर जाण्यास मार्ग मोकळा पाहिजे. बंद पडलेले एंजिन पुन्हा सुरू करताना यांखेरीज आणखी एक गोष्ट लागते : प्रारंभकाने एंजिन पुरेशा वेगाने फिरविले पाहिजे. निदानाचे सर्व काम म्हणजे या पाचांपैकी कोणती गोष्ट अनुपस्थित आहे, हे ठरविणे व नंतर तिच्या मार्गावर मागे मागे जात दोषस्थानापर्यंत पोहोचणे होय [⟶ अंतर्ज्वलन-एंजिन].

प्रथम घ्यावयाची काळजी : एंजिन बंद पडताच गाडीच्या उरलेल्या वेगाचा उपयोग करून ती रस्त्याच्या डाव्या कडेला घ्यावी. उतारावर गाडी चालती असताना किल्ली पूर्ण फिरवून काढून घेऊ नये. ज्या गाड्यांत सुकाणूचक्राला कुलूप बसते, त्यांत ते अडकून गाडीवरील ताबा जातो. निर्वाताच्या साहाय्याने ब्रेक लावण्याची योजना असलेल्या गाड्यांत एंजिन थांबल्यावर एकदोनदा ब्रेक दाबल्यानंतर तो जड लागू लागतो, म्हणून तो एकसारखा जोराने दाबून ठेवावा. गाडी थांबल्यावर हातब्रेक ओढावा, चाकामागे दगड लावावा, इशाऱ्याचा त्रिकोण मागे ठेवावा आणि प्रवाशांना रस्त्यापासून दूर उभे करावे. कार्ब्युरेटर किंवा पेट्रोलाची नळी उघडावयाची असल्यास जवळपास विडी, सिगारेट किंवा काडी पेटवू नये. कार्ब्युरेटराच्या तोंडात पेट्रोल ओतून एंजिन फिरविण्याची रीत सर्रास आढळते. परंतु एंजिनाने उलट भडका मारल्यास हातातील डबाच पेट घेतो व अशा प्रसंगी गंभीर भाजण्याचा धोका असतो.

बंद पडण्याच्या रीतीवरून अनुमान : एंजिन कसे बंद पडले, याचे स्मरण हा निदानातील पहिला पुरावा होय. किल्ली बंद केल्याप्रमाणे एंजिन एका क्षणात, कोणतीही पूर्वसूचना न देता थांबले असेल, तर दोष बहुधा विजेच्या मार्गात असतो. कारण ठिणगी असते किंवा नसते. मधली अवस्था क्वचितच टिकते. याउलट एंजिन आधी दम तोडू लागले, चढावर मार खाऊ लागले, पाय दाबूनही वेग न घेता गचके देत थांबले, तर इंधन अपुरे पडत असल्याचा संभव अधिक असतो. कार्ब्युरेटरातील तरंडीच्या भांड्यात शिल्लक असलेल्या पेट्रोलावर एंजिन काही अंतर चालते व मग हळूहळू उपाशी पडते, हे त्याचे कारण होय. चालू रस्त्यावर गाडी ठीक चालते, परंतु सिग्नलपाशी पाय काढताच बंद पडते, अशी तक्रार असल्यास मंदगतीच्या मार्गातील छिद्र चोंदलेले असणे, मंदगतीचा स्क्रू बिघडलेला असणे किंवा कार्ब्युरेटराखालील गॅसकिटातून जादा हवा आत शिरणे, ही कारणे प्रथम तपासावीत. पावसात साचलेल्या पाण्यातून गाडी नेल्यावर एंजिन थांबले असेल, तर वितरकाचे झाकण व तारा ओल्या झाल्याची शक्यता असते. मात्र पाणी बोनेटाच्या उंचीपर्यंत आले असेल, तर प्रारंभक मुळीच फिरवू नये. सिलिंडरात पाणी शिरले असल्यास ते संपीडित होत नाही आणि संयोगदांडा वाकतो किंवा मोडतो. अशा वेळी सर्व प्लग काढून पाणी बाहेर पडू देणे व एंजिनातील तेल तपासणे आवश्यक असते.

प्रारंभकाची परीक्षा : किल्ली फिरवून एंजिन फिरते किंवा नाही, हे पाहावे. पुढील दिवे लावून किल्ली फिरविल्यास अधिक माहिती मिळते. दिवे मुळीच लागत नसतील किंवा फिरविताना विझण्याइतके मंद होत असतील, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिची अग्रे सैल अथवा पांढऱ्या-हिरव्या क्षारांनी मढलेली आहेत, असे समजावे. दिवे तेजस्वी राहतात पण एंजिन फिरत नाही, अशा स्थितीत दोष किल्लीचा स्विच, प्रारंभकाचा सोलेनॉइड किंवा स्वतः प्रारंभक यांत असतो. पूर्ण भारित १२ व्होल्ट बॅटरीचा विद्युत् दाब विश्रांत स्थितीत सु. १२·६ व्होल्ट असतो व एंजिन फिरविताना तो साधारणपणे ९·५ व्होल्टच्या खाली जाऊ नये. तो याहून खाली गेल्यास प्रारंभक फिरत असला, तरी कॉइलला पुरेसा दाब न मिळाल्यामुळे ठिणगी दुर्बल पडते. अशा वेळी दोष प्रज्वलनात आहे, असा चुकीचा समज होतो. बॅटरी वाटेतच उतरली असेल, तर पंख्याचा पट्टा तुटला आहे काय, हेही पाहावे. एंजिन चालू असताना भारणाचा दाब सु. १४ व्होल्ट असावा. प्रारंभक एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नये व दोन प्रयत्नांत अर्धा मिनिट तरी जाऊ द्यावे.

ठिणगीची परीक्षा : एंजिन जोमाने फिरते तरी सुरू होत नाही, असे ठरल्यावर ठिणगी पाहावी. त्यासाठी एका सिलिंडराची जाड तार काढून तिच्या टोकाला हाताशी असलेला एखादा जादा प्लग बसवावा, प्लगचे धातूचे अंग एंजिनाच्या स्वच्छ भागावर टेकवावे आणि दुसऱ्याकडून एंजिन फिरवून घ्यावे. प्लग उघड्या हाताने धरू नये; कॉइलमधून मिळणारा दाब १०,००० ते २०,००० व्होल्ट किंवा त्याहूनही अधिक असतो. जवळ पेट्रोल सांडलेले नाही, याची आधी खात्री करावी. निळसर, आवाज करणारी ठिणगी चांगली समजतात; पिवळट-तांबूस व बारीक ठिणगी दुर्बल असते.

प्लगला ठिणगी मिळत नसल्यास कॉइलपासून वितरकाच्या झाकणाच्या मध्यभागी येणारी तार काढून तिची तशीच परीक्षा करावी. येथे ठिणगी पडत असेल, तर दोष पुढच्या टप्प्यात, म्हणजे झाकण, रोटर अथवा प्लगच्या तारा यांत असतो. झाकणाच्या आतील बाजूस पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ दिसल्यास तेथून वीज गळत असते. मधला कोळशाचा तुकडा झिजलेला किंवा गळून पडलेला असू शकतो. ओल असल्यास कोरड्या फडक्याने पुसून घेणे पुष्कळदा पुरेसे होते. झाकण काढलेलेच आहे, तेव्हा एंजिन फिरवून रोटर फिरतो काय, हेही पाहून घ्यावे. रोटर स्थिर राहिल्यास वितरकाचे चालन खंडित झाले आहे; झडपा चालविणारी साखळी किंवा पट्टा तुटला असण्याचा संभव असतो व अशा स्थितीत पुढे प्रारंभक फिरविणे थांबवावे.

मधल्या तारेतही ठिणगी नसेल, तर दोष कॉइल, तोडजोड बिंदू, कंडेन्सर किंवा त्यांना वीज पुरविणाऱ्या तारेत असतो. हे चार भाग एकमेकांपासून वेगळे ओळखण्यास दोन तारा जोडलेला लहान १२ व्होल्ट दिवा पुरतो. ज्या गाड्यांत बॅटरीचे ऋण अग्र सांगाड्याला जोडलेले असते, त्यांत पुढील क्रम लागू पडतो. दिव्याची एक तार सांगाड्याला लावावी, किल्ली चालू करावी व दुसरी तार कॉइलच्या स्विचकडील अग्रास लावावी. दिवा न लागल्यास स्विच, फ्यूज किंवा तार यांत खंड आहे. दिवा लागल्यास तीच तार कॉइलच्या वितरकाकडील अग्रास लावून एंजिन फिरवून घ्यावे. बिंदू उघडले की दिवा लागतो व मिटले की विझतो. म्हणून निरोगी स्थितीत दिवा लुकलुकला पाहिजे. दिवा एकसारखा लागून राहिल्यास बिंदू मिटूनही त्यांतून प्रवाह जात नाही : ते जळलेले, तेलकट किंवा मळलेले आहेत, अथवा वितरकातील बारीक तार तुटलेली आहे. दिवा मुळीच न लागल्यास कॉइलपासून वितरकाकडे जाणारी तार काढून पुन्हा पाहावे. आता कॉइलच्या अग्रावर दिवा लागला, तर वितरकात कोठेतरी वीज सांगाड्यात उतरत आहे, म्हणजे बिंदू उघडत नाहीत किंवा कंडेन्सर आतून जुळला आहे. तरीही न लागल्यास कॉइलचे प्राथमिक वेटोळे तुटलेले आहे.

दिवा नीट लुकलुकतो आणि तरीही मधल्या तारेत ठिणगी नाही, अशी स्थिती उरल्यास कॉइलचे द्वितीयक वेटोळे, ती मधली तार किंवा कंडेन्सर यांवर संशय घ्यावा. कंडेन्सर आतून तुटल्यास बिंदूंमध्ये मोठी निळी ठिणगी उडून ते लवकर जळतात आणि प्लगकडील ठिणगी मात्र क्षीण होते. बिंदूंमधील महत्तम फट बहुतेक गाड्यांत सु. ०·४ ते ०·५ मिमी. व प्लगमधील फट सु. ०·६ ते ०·७ मिमी. ठेवतात, अचूक मूल्य त्या गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावे. चार सिलिंडरांच्या एंजिनाचा वेग मिनिटास ३,००० फेरे असताना बिंदू सेकंदाला १०० वेळा उघडतात. यावरून त्यांची झीज का होते व त्यांच्या फिबरच्या टाचेला वेळोवेळी किंचित ग्रीझ का लावावे लागते, हे लक्षात येईल.

इंधनाची परीक्षा : ठिणगी चांगली असेल तर इंधनाकडे वळावे. प्रथम टाकीत पेट्रोल आहे, याची काट्यावर विसंबून न राहता खात्री करावी. जुन्या गाड्यांत टाकीतील तरंडीचा निर्देशक नेहमीच विश्वसनीय नसतो. नंतर हवा-गाळणी काढून कार्ब्युरेटराच्या तोंडातून आत पाहत थ्रॉटलचा दांडा हाताने झटकन हलवावा. प्रवेगक पंप असलेल्या कार्ब्युरेटरात पेट्रोलाची बारीक धार दिसली, तर भांड्यात पेट्रोल आहे. धार न दिसल्यास कॉइलची मधली तार काढून ती सांगाड्याला टेकवून ठेवावी, कार्ब्युरेटराकडे येणारी नळी सोडवून तिचे टोक बाटलीत धरावे व एंजिन फिरवावे. एंजिनावरील यांत्रिक पंप (कारागिरांच्या बोलीत ‘एसी पंप’) चांगला असल्यास पेट्रोल ठोक्याठोक्याने जोरात येते. ते येत असेल, तर कार्ब्युरेटराची सुईझडप अडकलेली किंवा तोंडाची जाळी चोंदलेली आहे. ते येत नसेल, तर पंपाचे पटल फाटणे, गाळणी तुंबणे, टाकीकडील रबरी नळीला चीर पडून हवा ओढली जाणे किंवा टाकीत गंज व गाळ साचणे, ही कारणे एकेक करून तपासावीत. पंपाचे पटल फाटले असल्यास पेट्रोल एंजिनातील तेलात उतरते. तेलाच्या काडीस पेट्रोलाचा वास येतो काय, हे पाहावे.

भांड्यात पेट्रोल आहे, ठिणगीही आहे, तरी एंजिन सुरू होत नाही, अशा वेळी एक प्लग काढून त्याचे टोक पाहावे. ते पेट्रोलाने ओले असल्यास सिलिंडरात इंधन अति झाले आहे. चोक पूर्ण आत ढकलून व पाय तळापर्यंत दाबून धरून एंजिन फिरविल्यास जादा पेट्रोल निघून जाते; पाय वारंवार दाबून सोडल्यास उलट परिणाम होतो. टोकावर कोरडी काळी काजळी असल्यास मिश्रण नेहमीच समृद्ध राहते, पांढुरके असल्यास ते क्षीण आहे किंवा एंजिन फार तापते आणि तेलकट असल्यास दट्ट्यांची कडी अथवा झडपांची मार्गदर्शके झिजली आहेत, असे समजतात. करडा-तपकिरी रंग योग्य ज्वलनाचा निदर्शक होय.

थांबल्यावर पुन्हा सुरू होणारे एंजिन : गाडी तापल्यावर बंद पडते, वीस-तीस मिनिटे थांबले की काही न करता सुरू होते व पुढे गेल्यावर पुन्हा बंद पडते, ही जुन्या गाड्यांच्या मालकांची नेहमीची तक्रार असून निदानाच्या दृष्टीने तीच सर्वांत फसवी आहे. याचे कारण असे की, परस्परांशी संबंध नसलेले निदान पाच दोष बाहेरून नेमके हेच लक्षण दाखवितात.

(१) कॉइल : तिच्यातील तारेवरील निरोधक आवरण जुने झाल्यास उष्णतेने तार प्रसरण पावून आतील जोड सुटतो किंवा वेटोळ्यांमध्ये वीज गळते, थंड झाल्यावर जोड पुन्हा जुळतो. एंजिन बंद असताना किल्ली चालू राहिल्यास व बिंदू मिटलेले असल्यास ३ ओहम रोधाच्या कॉइलमधून एकसारखा ४ अँपिअर प्रवाह जातो व तीत सु. ४८ वॉट उष्णता निर्माण होते. म्हणून परीक्षा संपताच किल्ली बंद करावी. (२) कंडेन्सर : यातही उष्णतेने असाच खंड पडतो. (३) बाष्परोध : टाकी मागे व पंप तापलेल्या एंजिनावर असल्याने पंप पेट्रोल ओढतो, तेव्हा नळीतील दाब कमी होतो, कमी दाबाखाली पेट्रोल कमी तापमानास उकळते व नळीत वाफ कोंडते. पंप वाफ दाबतो, पण पेट्रोल पुढे सरकत नाही. उन्हाळ्यात घाट चढताना एंजिनावर भार जास्त, गाडीचा वेग कमी आणि वाऱ्याचा झोत अपुरा असतो. शिवाय उंचीबरोबर वातावरणाचा दाबही घटतो. त्यामुळे हा दोष अशा ठिकाणी विशेषेकरून आढळतो. पंपावर व नळीवर ओले फडके ठेवण्याची चालकांची जुनी रीत शास्त्रशुद्ध आहे. पाणी तापलेल्या एंजिनाच्या ओतीव भागांवर मात्र पडू देऊ नये, कारण त्यांस तडा जाण्याची भीती असते. (४) टाकीच्या झाकणातील वायुछिद्र चोंदणे : पेट्रोल जसे कमी होते, तशी हवा आत न शिरल्याने टाकीत निर्वात निर्माण होतो व पंपाला तो पेलत नाही. थांबल्यावर हवा हळूहळू झिरपून आत जाते व दोष नाहीसा झाल्यासारखा वाटतो. (५) टाकीतील गाळ : तो ओढला जाऊन नळीच्या तोंडावर बसतो व एंजिन थांबल्यावर आपोआप खाली पडतो.

यांखेरीज एक सहावी, उलट प्रकारची स्थिती आहे. तापलेली गाडी थांबविल्यावर पंखा व वारा थांबल्याने बोनेटाखालील तापमान काही वेळ वाढते आणि कार्ब्युरेटरातील पेट्रोल उकळून सिलिंडरांकडे जाणाऱ्या बहुशाखी नळीत सांडते. येथे इंधनाचा अभाव नसून अतिरेक असतो. उघड्या बोनेटापाशी पेट्रोलाचा उग्र वास येणे, ही त्याची खूण होय.

या सर्व दोषांचा पुरावा एंजिन थंड होताच नष्ट होतो. गाडी कारागिराकडे पोहोचते, तेव्हा ती उत्तम चालत असते. तो अंदाजाने कॉइल बदलतो आणि पुढच्या उन्हाळी प्रवासात ती पुन्हा बंद पडते. म्हणून अशा बिघाडाची परीक्षा तो घडत असतानाच, पहिल्या काही मिनिटांत केली पाहिजे. तीन कृती त्यास पुरतात : टाकीचे झाकण उघडून हवा आत शिरल्याचा सूं असा आवाज येतो काय, हे ऐकणे, मधल्या तारेची ठिणगी पाहणे, आणि थ्रॉटल हलवून कार्ब्युरेटरातील धार पाहणे. आवाज आला व झाकण उघडताच एंजिन सुरू झाले, तर दोष वायुछिद्राचा. ठिणगी नसेल, तर विजेचा. ठिणगी आहे पण धार नाही, तर बाष्परोध अथवा गाळ. आणि ठिणगी, धार व उग्र वास तिन्ही असतील, तर अतिरिक्त इंधनाचा. ओल्या फडक्याने गाडी लगेच सुरू झाल्यास बाष्परोध व न झाल्यास गाळ, असा पुढील भेद करता येतो. एवढ्या निरीक्षणांची नोंद कारागिराला दिल्यास त्याचे अर्धे काम झालेले असते.

संपीडन व यांत्रिक दोष : ठिणगी व इंधन दोन्ही योग्य असून एंजिन सुरू होत नसल्यास ठिणगीची वेळ व संपीडन तपासावे. वितरक घट्ट धरणारा पट्टा सैल होऊन तो फिरला असल्यास ठिणगी अवेळी पडते व एंजिन कार्ब्युरेटरातून किंवा धुराड्यातून भडके मारते. प्रारंभक नेहमीपेक्षा हलका व एका लयीत फिरत असल्यासारखा आवाज येत असेल, तर संपीडन गेल्याची शंका घ्यावी. ते दाबमापकाने मोजतात. प्रत्येक सिलिंडराचे मूल्य पुस्तिकेत दिलेल्या मूल्याच्या जवळपास व परस्परांत फारसा फरक नसलेले असावे. शेजारच्या दोन सिलिंडरांचे मूल्य एकदम कमी आढळल्यास त्यांच्यामधील हेड गॅसकिट जळल्याचा संभव असतो. एंजिन अति तापून बंद पडले असेल, तर रेडिएटराचे झाकण लगेच उघडू नये. दाबाखालील उकळते पाणी उसळून भाजते.

इंधन अंतःक्षेपण असलेल्या जुन्या गाड्या : उत्सर्जनाचे नियम कडक होत गेल्याने २००० च्या सुमारास भारतातील नव्या मोटारगाड्यांतून कार्ब्युरेटर मागे पडला व इंधन अंतःक्षेपण रूढ झाले. या गाड्यांची पहिली पिढीही आता जुनी झाली आहे. त्यांतही निदानाचे तत्त्व तेच असते. मात्र ठिणगी व इंधन या दोहोंवर एकच इलेक्ट्रॉनिक नियंत्रक देखरेख करीत असल्याने दोन्ही गोष्टी एकदम नाहीशा होऊ शकतात. तसे झाल्यास भुजादंडाची स्थिती कळविणारा संवेदक किंवा नियंत्रकाचा वीजपुरवठा यांवर प्रथम संशय घ्यावा. तापल्यावर बंद पडून निवल्यावर सुरू होण्याचे लक्षण हा संवेदकही दाखवितो. किल्ली चालू करताच टाकीतील विद्युत् पंपाचा एकदोन सेकंद गुणगुणण्याचा आवाज यावा. न आल्यास त्याचा फ्यूज व रिले पाहावा. दोष-संकेत वाचण्याचे उपकरण उपयुक्त असते, पण संकेत दोषाचे क्षेत्र दाखवितो, दोषी भाग नव्हे. अशा गाड्यांत जाड तार उघडी सोडून ठिणगी पाहू नये, कारण इलेक्ट्रॉनिक भाग निकामी होतात. तसेच उत्प्रेरक परिवर्तक असलेली गाडी पुनःपुन्हा ढकलून सुरू करू नये, कारण न जळलेले पेट्रोल परिवर्तकात जाऊन तो अति तापतो.

प्रतिबंध : वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्यापूर्वी, बिंदू, प्लग, रोटर, वितरकाचे झाकण, तारा, इंधन गाळणी व सर्व रबरी नळ्या तपासून घ्याव्यात. भारतात पेट्रोलातील एथॅनॉलाचे प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांपर्यंत व २०२५ मध्ये २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. एथॅनॉलास ज्वलनासाठी हवा कमी लागत असल्याने जुन्या मोजमापाच्या छिद्रांतून मिळणारे मिश्रण क्षीण होते. शिवाय ते पाणी शोषून घेते आणि जुन्या प्रकारच्या रबराच्या नळ्या, पटले व बुचाचे भाग खराब करते. म्हणून हे भाग एथॅनॉल-सह द्रव्याचे बसवावेत व दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या गाडीत पेट्रोल साठवून ठेवू नये. गाडीत एक जादा प्लग, बिंदूंचा संच, कंडेन्सर, पंख्याचा पट्टा, दोन तारांचा दिवा, फटमापक पाती, कोरडे फडके व पाण्याचा डबा असावा. एका वेळी एकच भाग बदलावा व प्रत्येक बदलानंतर एंजिन चालवून पाहावे. काढलेला भाग फेकून न देता जपून ठेवावा. नवा भाग बसवूनही दोष गेला नाही, तर जुना भाग निर्दोष होता, हे त्यावरूनच कळते.